‘भूलथाप’ : एका रूढ शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

प्रस्तावना

‘भूलथापांना बळी पडू नये’ हे वाक्य मराठी वाचकाच्या नजरेखालून किती वेळा जाते याची मोजदाद करणे कठीण आहे. बँकेच्या शाखेत रोखपालाच्या काचेवर, बाजार समितीच्या आवारात, पोलीस ठाण्याबाहेरील फलकावर, नोकरभरतीच्या जाहिरातीच्या तळाशी, प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि निवडणूक आली की सर्वच पक्षांच्या पत्रकांत ते हमखास आढळते. अतिपरिचयामुळे या वाक्यातील शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही. फलक लावणाऱ्याचे कर्तव्य फलक लावताच संपते आणि वाचणाऱ्याला त्यात नवीन काही सापडत नाही.

तथापि या वाक्यातील ‘भूलथाप’ हा शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. फसव्या माहितीसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. अफवा, आवई, वावडी, कंडी, वदंता, भूमका, थाप, बात, हूल, पुडी असे कितीतरी शब्द बोलीत आणि लेखनात वावरत आहेत. ते एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जात असले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. ‘फेक न्यूज’ या आयात संज्ञेने अलीकडे हे सारे भेद पुसत आणले आहेत. भेद पुसले की दोष कोणाचा हे ठरवण्याची भाषाही बोथट होते. प्रस्तुत लेखात ‘भूलथाप’ या शब्दाची घडण, त्याचे सोयरे शब्द आणि त्याचा प्रत्यक्ष व्यवहार यांचा, मुख्यतः अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे, विचार केला आहे.

शब्दाची घडण

‘भूल’ आणि ‘थाप’ हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे जिवंत आहेत. ‘भूल’ या शब्दाचे मूळ प्राकृतात सापडते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘भ्रंश्’ या धातूच्या जागी येणारे जे आदेश नोंदवले आहेत, त्यांत ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ हे दोन एकमेकांना लागून येतात. मराठी व्यापाऱ्याच्या हिशेबाखाली आणि लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहिण्याची जी रीत आहे, तिच्यात हे दोघे भाऊ आजही हातात हात घालून उभे आहेत. भ्रंश म्हणजे घसरणे, ढळणे, जागा सोडणे. चुकणारा वाटेवरून ढळतो आणि भुलणाराही ढळतो. फरक इतकाच की चुकणाऱ्याला आपण चुकलो हे कळू शकते. भुललेल्याला, भूल उतरेपर्यंत, आपण बरोबर वाटेवर आहोत असेच वाटत असते.

हिंदीत ‘भूल’ हा शब्द विसरणे आणि चूक या अर्थांकडे वळला. मराठीने विसरण्यासाठी ‘विसरणे’ ठेवले आणि ‘भुलणे’ मोहाकडे नेले. या जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये (१२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ‘भुलणे’ हे क्रियापद भ्रमाच्या आणि मोहाच्या छटांसह येते, हे अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. अकोले तालुक्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात रात्री रानातून जाणाऱ्याला ‘चकवा’ लागतो, तो चालत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो, अशी समजूत आहे. ‘दिशाभूल’ हा शब्द याच अनुभवाचा आहे. आज तो कायद्याच्या भाषेत स्थिरावला असून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याविषयी मराठीत लिहिताना ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियागृहात ‘भूल देणारे’ डॉक्टर असतात आणि त्यांना ‘भूलतज्ज्ञ’ म्हणतात. तेथील भूल मात्र रुग्णाच्या संमतीने दिली जाते, तिची मात्रा मोजलेली असते आणि ती उतरवण्याची जबाबदारीही देणाऱ्यावरच असते.

‘थाप’ हा शब्द हाताचा आहे. भाकरी थापतात, गोवऱ्या थापतात, डफावर थाप पडते, दारावर थाप पडते, पाठीवर शाबासकीची थाप पडते. ‘थाप मारणे’ म्हणजे खोटे बोलणे हा अर्थ यांपैकी नेमका कोठून निघाला याबद्दल तर्कच करता येतो. पण बोलीचा कान असा सांगतो की थापेत खोटेपणाबरोबर एक आत्मविश्वासाचा आवाज आहे. कुजबुजत मारलेली थाप ही थापच नव्हे. थापाड्या माणसाबद्दल समाजाला फारसा रागही नसतो. गावच्या पारावर त्याला प्रेक्षक असतो. ‘लोणकढी थाप’ म्हणताना तर चक्क कौतुकच असते. लोणी कढवून ताजे तूप काढावे तशी ती खास घरची, निर्भेळ आणि त्या क्षणी तयार केलेली असते.

‘भूल’ आणि ‘थाप’ यांचा समास झाला की मात्र विनोद संपतो. थापेचा उद्देश ऐकणाऱ्याला चकित करणे एवढाच असू शकतो. भूलथापेचा उद्देश ऐकणाऱ्याकडून काहीतरी करवून घेणे हा असतो. त्याने सही करावी, पैसे द्यावेत, मत द्यावे, घर सोडावे. म्हणूनच थाप ‘मारतात’, पण भूलथाप ‘देतात’.

क्रियापदांचा पुरावा

या शब्दगटाचे अर्थभेद कोशातील प्रतिशब्दांपेक्षा त्यांच्या क्रियापदांतून अधिक स्पष्ट होतात. आवई उठते, वावडी उडते, कंडी पिकते, अफवा पसरते, वदंता असते. ही सर्व क्रियापदे अकर्मक होऊ शकतात. ‘काल गावात आवई उठली’ या वाक्याला कर्ता विचारण्याचे कारण पडत नाही. धूळ उठावी, पीक यावे तशी ती आपोआप घडलेली गोष्ट वाटते. ‘वावडी’ म्हणजे तर पतंग. तो वाऱ्यावर चढतो, दोर कोणाच्या हातात आहे हे खालून दिसत नाही. ‘अफवा’ हा शब्द अरबी ‘अफवाह’वरून आला असून मुळात तो अनेकवचनी आहे व त्याचा अर्थ ‘तोंडे’ असा आहे. अफवेला एक तोंड नसते, हे तिच्या व्युत्पत्तीतच नमूद आहे.

भूलथापेचे तसे नाही. ‘गावात भूलथाप उठली’ किंवा ‘भूलथाप पसरली’ असे मराठी माणूस बोलत नाही. भूलथाप देण्यासाठी कोणीतरी देणारा लागतो आणि कोणीतरी घेणारा लागतो. ती समोरासमोरची, निदान नेम धरून केलेली गोष्ट आहे. शिवाय हा शब्द प्रायः अनेकवचनातच येतो. ‘त्याने एक भूलथाप दिली’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असले तरी कानाला खटकते. ‘भूलथापा दिल्या’ हेच स्वाभाविक वाटते. यामागे अनुभव आहे. एका खोट्याने कोणी फसत नाही. आधी ओळख, मग ओळखीतल्या माणसाचे नाव, मग थोडासा खरा लाभ आणि अखेर मोठी मागणी, अशी ती मालिका असते.

याच निकषावर इतर शब्दही वेगळे करता येतात. ‘बनावट’ हे विशेषण वस्तूला लागते : बनावट नोट, बनावट बियाणे, बनावट दाखला. ‘तोतया’ माणसाला लागतो : तोतया पोलीस, तोतया अधिकारी. या शब्दामागे पानिपतानंतरच्या पेशवाईचा इतिहास उभा आहे. १७६१ च्या युद्धात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच आहोत असे सांगून ज्याने बंड उभे केले, त्या तोतयाला १७७६ मध्ये देहांत शिक्षा झाली आणि न. चिं. केळकरांनी पुढे त्याच विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. वस्तू बनावट, माणूस तोतया आणि शब्द भूलथाप. बहुतेक फसवणुकींत तिन्ही एकत्र येतात, हा भाग निराळा.

चांदबिबी : एक महाल आणि एक आरोळी

प्रत्येक चुकीची माहिती ही भूलथाप नसते, हे सांगण्यासाठी नगरकरांना फार लांब जावे लागत नाही. शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते, तिला सर्वजण ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा त्या वास्तूशी संबंध नाही. तरीही शाळेच्या सहली तेथे ‘चांदबिबीच्या महालावर’च जातात. ही माहिती चुकीची आहे, पण तिला भूलथाप म्हणता येणार नाही. ती कोणी कोणाला दिलेली नाही, तिच्यातून कोणी काही उकळत नाही. पराक्रमी राणीचे नाव सर्वांत उंच दिसणाऱ्या इमारतीला लोकांनी प्रेमाने देऊन टाकले, इतकेच. अशा गोष्टीला ‘लोकसमजूत’ हा शब्द पुरतो. ती दुरुस्त करताना आवाज चढवण्याची गरज नसते.

त्याच चांदबिबीचा अंत मात्र या विवेचनाला अगदी वेगळे उदाहरण पुरवतो. १५९५-९६ च्या वेढ्यात शहजादा मुरादच्या फौजेसमोर तिने नगरचा किल्ला लढवला. १६०० मध्ये शहजादा दानियालच्या नेतृत्वाखाली मोगल पुन्हा आले, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. दरबारात फूट होती, सैन्य ऐकेनासे झाले होते. अल्पवयीन बहादूर निजामशहाला सुरक्षित बाहेर काढून किल्ला वाटाघाटीने द्यावा, असा विचार तिने आपल्या विश्वासातील अधिकाऱ्याजवळ बोलून दाखवला. फिरिश्त्याच्या इतिहासात आलेल्या हकिकतीनुसार तो अधिकारी बाहेर धावत गेला आणि चांदबिबी मोगलांना फितूर होऊन किल्ला त्यांच्या हवाली करीत आहे, अशी त्याने आरोळी ठोकली. खवळलेले सैनिक महालात शिरले व त्यांनी तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. फिरिश्ता स्वतः काही काळ निजामशाहीच्या चाकरीत होता आणि नंतर विजापूरला गेला, हे ध्यानात घेतले तर या हकिकतीचे वजन लक्षात येते.

या आरोळीला काय म्हणावे? ती निखळ खोटी नव्हती. तहाचा विचार खराच होता. खोटी होती ती त्या विचाराला चढवलेली ‘फितुरी’. हेतू वगळून केवळ कृती सांगितली आणि त्या कृतीला भीतीचे नाव दिले की अर्धे सत्य पूर्ण असत्यापेक्षा अधिक घातक ठरते. सैनिकांच्या दृष्टीने ती बातमी होती, शहराच्या दृष्टीने काही घटकांत ती अफवा झाली. पण ज्याने ती प्रथम उच्चारली त्याच्या तोंडी ती भूलथापच होती, कारण ऐकणाऱ्यांकडून एक विशिष्ट कृत्य करवून घेण्यासाठी ती दिलेली होती. एकच वाक्य पहिल्या तोंडात भूलथाप असते आणि दहाव्या तोंडात अफवा होते. या दोन शब्दांतील भेद मजकुराचा नसून त्या मजकुराशी बोलणाऱ्याच्या नात्याचा आहे.

बाजार आणि रान

हा भेद वर्तमानातही तपासून पाहता येतो. घोडेगाव, राहुरी, पारनेर, नगर येथील कांदा बाजारांत ‘निर्यात उघडली’ किंवा ‘निर्यात बंद झाली’ ही आवई नवी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. फेब्रुवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात बंदी उठल्याच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. लासलगावला १७ फेब्रुवारीस क्विंटलला सरासरी १२८० रुपये असलेला भाव १९ तारखेस १८०० रुपयांवर गेला. लगेच २० तारखेला, बंदी उठलेली नसून ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे, असा खुलासा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडून झाला. पुढे मार्चअखेरीनंतरही ती चालू राहिली आणि प्रत्यक्षात ४ मे २०२४ रोजी उठली. फेब्रुवारीच्या त्या तीन दिवसांत काहींच्या मालाला चांगला भाव मिळाला आणि काहींनी आणखी वाढेल या आशेने माल चाळीतच ठेवला. यात कोणी कोणाला मुद्दाम फसवले असे दाखवता येत नाही. हिला आवई म्हणणेच रास्त होय. अशा प्रसंगी ‘शेतकरी भूलथापांना बळी पडले’ असे लिहिणे हे शब्दाचा गैरवापर करणे आहे. भाव वाढलेला त्यांना बाजारात प्रत्यक्ष दिसत होता.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशकारक आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले भटके होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली. नगर जिल्ह्याला ही घटना परकी वाटण्याचे कारण नाही. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या समाजांचा मेळा पिढ्यान्‌पिढ्या भरत आला आहे. अनोळखी वेशातील, अनोळखी बोलीचा माणूस दारात उभा राहणे ही येथील नित्याची गोष्ट होती. त्या दिवसांत मात्र देशभर भ्रमणध्वनीवरून मुले पळवण्याची दृश्ये फिरत होती आणि वेश हाच पुरावा ठरू लागला होता.

फिरणाऱ्या दृश्यांपैकी एक फार गाजले. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे ते दृश्य. वस्तुतः ती कराचीतील एका संस्थेने बालअपहरणाविरुद्ध जागृतीसाठी तयार करवून घेतलेली चित्रफीत होती. मूळ चित्रफितीत पुढे मूल परत आणून सोडले जाते आणि फलक धरून संदेश दाखवला जातो. तो शेवटचा भाग कापून उरलेला तुकडा भारतात पाठवण्यात आला. येथे खोटे काही जोडलेले नाही, खरे ते कापलेले आहे. ज्याने कात्री चालवली त्याने भूलथाप दिली. ज्या हजारो आईबापांनी धास्तावून तो तुकडा नातेवाइकांना पाठवला त्यांनी अफवा पसरवली. दोघांनाही ‘फेक न्यूज पसरवणारे’ म्हटले की पहिला दुसऱ्यांच्या गर्दीत दिसेनासा होतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. हा उपाय अफवेवरचा होता. कात्री चालवणाऱ्याला पाच ठिकाणे पुरेशी होती. याचा अर्थ अफवा पसरवणारा निर्दोष असतो असा नव्हे. जमावात हात उगारणाऱ्याचा गुन्हा तर कोणत्याही शब्दाने सौम्य होत नाही. पण समज कोणाला द्यायची आणि शोध कोणाचा घ्यायचा हे ठरवताना दोन शब्द लागतात, एकाने भागत नाही.

‘बळी पडणे’

आता आरंभीच्या वाक्याकडे वळता येईल. भूलथाप देण्यासाठी देणारा लागतो हे वर पाहिले. असे असताना या शब्दाच्या सर्वाधिक रूढ प्रयोगात देणाराच गायब आहे. ‘ठेवीदार भूलथापांना बळी पडले’ या वाक्यात कर्ता ठेवीदार आहे, क्रिया पडण्याची आहे आणि फसवणारा वाक्याबाहेर आहे. ‘बळी’ हा शब्द यज्ञातला व जत्रेतला आहे. ‘देवीला बळी दिला’ या वाक्यात बळी घेणाऱ्या देवतेला ‘ला’ हा प्रत्यय लागतो. ‘भूलथापांना बळी पडले’ यात तोच प्रत्यय, अनेकवचनात, भूलथापांना लागला आहे. म्हणजे देवतेच्या जागी भूलथापा बसल्या आहेत आणि बोकड दावे सोडून आपण होऊन चालत आला आहे. दावे धरणारा हात चित्रात कोठेच नाही.

पोलीस तक्रारींच्या मराठीत या प्रकारचे आणखी दोन साचे आहेत. अल्पवयीन मुलीच्या संदर्भात ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ असे लिहितात. आर्थिक फसवणुकीत ‘जादा परताव्याचे आमिष दाखवून’ असे लिहितात. ‘फूस लावणे’ यात कर्ता अज्ञात असला तरी वाक्यात हजर असतो, आणि जिला फूस लावली तिचे अजाणपण गृहीत धरलेले असते. ‘आमिष’ म्हणजे मूळ संस्कृतात मांस, गळाला लावलेले खाद्य. हा शब्द वापरला की मासा हावरा होता अशी सूचना नकळत होते. भूलथापेत भोळेपणाची सूचना आहे. अजाण, हावरा, भोळा : एकाच प्रकारच्या अपराधात सापडलेल्या माणसांना भाषेने अशा तीन पायऱ्यांवर बसवले आहे आणि बहुधा वय, लिंग व ऐपत पाहून त्यांची पायरी ठरते.

शेवगाव तालुक्यात शेअर बाजारातून भरघोस परतावा मिळवून देतो असे सांगून अनेकांची फसवणूक झाल्याची प्रकरणे २०२४ मध्ये पुढे आली. त्यांची चर्चा करताना सुशिक्षितांच्या तोंडी ‘लोकांना हाव सुटली, दुसरे काय’ हे वाक्य वारंवार येते. ते पूर्ण असत्य नाही. परंतु कायद्याची वाक्यरचना वेगळी आहे, हे विसरता येत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील फसवणुकीची व्याख्या फसवणाऱ्यापासून सुरू होत असे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही वाक्याचा कर्ता फसवणाराच आहे. महाराष्ट्राच्या ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षण कायद्यात (१९९९) शिक्षेचे कलम वित्तीय संस्थेपासून सुरू होते. फसलेल्याची हाव किती होती हे कोठेही विचारलेले नाही. सूचनाफलकाचे मराठी आणि कायद्याचे तत्त्व यांत असे अंतर पडलेले आहे.

हे अंतर केवळ व्याकरणाचे असते तर त्याची चर्चा भाषाविभागापुरती ठीक होती. पण फसलेला माणूस तक्रार करण्यास उशीर का करतो या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर तत्काळ केली तर पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. पहिले काही तास हातचे गेले की ती शक्यता झपाट्याने घटते. ज्याच्या मनात ‘मी बळी पडलो’ हे वाक्य आहे तो हे तास घरच्यांपासून गोष्ट लपवण्यात घालवतो. ज्याच्या मनात ‘मला फसवले’ हे वाक्य आहे तो दूरध्वनी उचलतो. तथाकथित ‘डिजिटल अटके’त अडकणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक असतात. भोळेपणा आणि हाव या दोन्ही शब्दांनी त्यांचे वर्णन होत नाही. त्यांना पकडतो तो कायद्याचा धाक. कायद्याला भिणे हा गुणच आहे असे त्यांना आयुष्यभर शिकवलेले असते.

प्राध्यापकांच्या टपालात

उच्चशिक्षित वर्ग ‘भूलथाप’ हा शब्द बहुधा इतरांसाठी राखून ठेवतो. परंतु गेल्या दीड-दोन दशकांत एक संपूर्ण व्यवसाय याच वर्गाला नेम धरून उभा राहिला. सकाळी संगणक उघडताच येणारे पत्र सर्वांच्या ओळखीचे आहे. ‘आपल्या विद्वत्तेने आम्ही प्रभावित झालो आहोत’ असा त्याचा सूर असतो, अंक तीन दिवसांत निघणार असतो, परीक्षण त्याहून लवकर होते आणि शुल्क मात्र आधी भरायचे असते. पाठीवरची थाप आणि भूलथाप यांतील नाते याहून स्पष्ट कोठे दिसणार! नामांकित नियतकालिकाचे नाव व क्रमांक जसेच्या तसे उचलून उभारलेली संकेतस्थळेही आहेत. त्यांना ‘तोतया नियतकालिके’ म्हणणे सर्वस्वी योग्य ठरेल.

येथेही ‘बळी पडले’ हे क्रियापद तपासून घ्यावे लागते. पदोन्नतीसाठी गुण हवेत, गुणांसाठी प्रकाशने हवीत आणि प्रकाशनासाठी मुदत संपत आलेली असते. अशा वेळी पत्र खोटे आहे हे काहींना कळत नाही, तर काहींना ते पुरते कळत असते. कळून शुल्क भरणाऱ्याला बळी म्हणता येत नाही. तो ग्राहक आहे, आणि त्याच्या यादीतील त्या लेखामुळे पुढच्या मुलाखतीत मागे पडणारा उमेदवार हा खरा फसलेला आहे. त्याला तर कोणी पत्रही पाठवलेले नसते. भूलथाप ‘देणाऱ्या’ने ‘घेणाऱ्या’शी हातमिळवणी केली की ती तिसऱ्याच्या वाट्याला जाते. मराठीत या अवस्थेसाठी वेगळा शब्द अद्याप घडलेला नाही. ‘मिलीभगत’ जवळ येतो, पण तो व्यवहाराबद्दल बोलतो, माहितीबद्दल नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘केअर’ या नव्या व्यवस्थेची घोषणा झाली आणि २०१९ मध्ये तिची यादी प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचे जाहीर केले व नियतकालिकांची पारख करण्याचे काम संस्था आणि प्राध्यापक यांच्यावर सोपवून त्यासाठी सूचक निकष पुढे ठेवले. यादी असताना पारख करण्याची गरज नव्हती, क्रमांक जुळवला की काम भागत असे. या सवयीचाच तोतयांनी लाभ घेतला होता.

या संदर्भात सरकारी पत्रव्यवहारात नित्य येणारा आणखी एक शब्द आठवतो. ‘खातरजमा करावी’ असे परिपत्रकांच्या शेवटी लिहिलेले असते. हा शब्द फारसी-अरबी ‘खातिर-जमा’वरून आला आहे. खातिर म्हणजे मन आणि जमा म्हणजे एकवटलेले. निश्चिंत मन, स्वस्थ मन असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत तो ‘तपासून पाहणे’ या अर्थाकडे सरकला. आधी तपासावे मग मन स्वस्थ व्हावे, हा क्रम त्यात मुरलेला आहे. व्यवहारात क्रम उलटतो. शिक्का पाहून, क्रमांक पाहून, ओळखीच्या माणसाने पाठवले आहे हे पाहून मन आधी स्वस्थ होते आणि तपासणे राहून जाते. शाह डोंगरावरील वास्तूच्या बाबतीत असे झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. विभागाच्या सूचनाफलकावर मात्र, केअर यादी बंद झाल्याच्या परिपत्रकाशेजारीच, तोतया नियतकालिकांच्या ‘भूलथापांना बळी पडू नये’ अशी सूचना लागते आणि ती पत्रे पाठवतो कोण, शुल्क कोणत्या खात्यात जमा होते, संस्थेतील कोणाच्या यादीत ते लेख मोजले गेले, यांपैकी कशाचाही तिच्यात उल्लेख नसतो.